सांगड

मराठी वृत्तपत्रात रोज कुणीतरी कशाची तरी सांगड घालत असते. परंपरा आणि आधुनिकतेची, शेती आणि विज्ञानाची, नोकरी आणि संसाराची. जी घातली ती सांगड म्हणजे नेमकी कोणती वस्तू, असे विचारले तर ‘मेळ’ किंवा ‘जोड’ याच्या पलीकडे उत्तर सहसा जात नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात मात्र या शब्दाखाली पाणी आहे. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. पोहणाऱ्याला तरंगते ठेवण्यासाठी बांधलेली भोपळ्यांची जोडी, तीही सांगड. गेटवेहून मांडव्याला नेणाऱ्या ज्या बोटीला आपण कॅटामरान म्हणतो, तिच्या जातीला मराठीत आधीपासूनच नाव होते. होडी विस्मरणात गेली आणि ‘घालणे’ तेवढे मागे राहिले.

घराच्या अंगणात, हलक्या लाकडाचा गाभा घालून, आपल्या हाताने शिडाची कॅटामरान बांधायची हा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो. रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीकाठी किंवा जयगडला कुणी तो मनावर घेतला, तर त्याला इंग्रजी पुस्तके आणि नकाशे चाळावे लागतील. पण त्या नकाशांतल्या अर्ध्याअधिक क्रियांची नावे त्याच्या घरातच आहेत. ती कुठून आली ते पाहण्यासारखे आहे.

आधी कॅटामरान. मूळ तमिळ: कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेली लाकडे. कोरोमंडलचे मच्छीमार ज्या कट्टुमरमवर बसून लाटा फोडत बाहेर जात, तिच्यात दोन होड्या नव्हत्याच. हलक्या लाकडाचे काही ओंडके शेजारी शेजारी दोरीने आवळलेले असत. पाणी फटींतून वर येई आणि तसेच निघून जाई. पोकळ भागच नाही, तर पाणी भरून बुडणार काय? किनाऱ्याला आल्यावर दोर सोडायचे आणि ओंडके वाळत टाकायचे. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात कोरोमंडलची कॅटामरान वर्णिली आहे, ती हीच, एकदोन ओंडक्यांची.

इंग्रजीत गेल्यावर हा शब्द भरकटला. १८०४ मध्ये बुलोन्य बंदरातल्या फ्रेंच ताफ्यावर इंग्रजांनी रॉबर्ट फुल्टनच्या कल्पनेतले स्फोटकांनी भरलेले पेटारे सोडले. त्यांनाही कॅटामरानच म्हटले गेले. मग १८७६ मध्ये अमेरिकेत नॅथनिएल हेरेशॉफने दोन सडपातळ होड्या जोडून ‘अ‍ॅमारिलिस’ बांधली. न्यूयॉर्कच्या शर्यतीत तिने नामांकित बोटींना इतके मागे टाकले की पुढे तिच्या जातीलाच तिथल्या शर्यतींतून वगळले. तेव्हापासून कॅटामरान म्हणजे दोन, हा अर्थ पक्का होत गेला. विसाव्या शतकात व्हिक्टर चेचेट या युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या माणसाने तीन होड्यांच्या बोटीसाठी ‘ट्रायमरान’ शब्द पाडला. ‘कॅटा’ म्हणजे दोन असावे, अशा थाटात ते कापून तिथे ‘ट्राय’ बसवले. तमिळ माणसाने तो शब्द शब्दशः घेतला तर हाती ‘तीन झाडे’ लागतील. बांधणे गळाले आणि उरली ती मोजणी.

कापून टाकलेले ते ‘कट्टु’ मराठीला परके नाही. कन्नडमध्येही कट्टु म्हणजे बांधणे, आणि बांधून काढलेला ओटा किंवा बांध म्हणजे कट्टे. त्यावरून आपला कट्टा. संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी मंडळी कॅटामरानच्या पहिल्या अर्ध्या भागावर बसलेली असतात म्हणा ना. तमिळ-कन्नडमध्ये घरही ‘कट्टु’च करतात. दोर आवळणे आणि घर उभारणे यांना तिथे एकच क्रियापद पुरते. मराठीतही नेमके तसेच आहे: मोळी बांधतो, घर बांधतो, धरण बांधतो, होडी बांधतो. जहाजे ‘तयार करण्याच्या’ उद्योगाला आपण आजही जहाजबांधणी म्हणतो. खिळा येण्याआधी या किनाऱ्यांवर जोडकाम दोरीने होत असे, त्याची खूण या क्रियापदात राहून गेली आहे.

आता सांगड. हिचे कुळ संस्कृत ‘संघाट’पाशी जाते. लाकडे एकमेकांत बसवणे, जोडणे हा त्याचा अर्थ. पालीत ‘नावासंघाट’ आणि ‘दारुसंघाट’ हे शब्द तराफ्यासाठी आहेत. सिंहलीतही याच कुळातला शब्द जोडहोडीला आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माया नावाची नदी तरून जाण्याचे रूपक आहे. त्यात वेदांच्या सांगडी घेऊन निघालेले लोक भेटतात. १२९० मध्ये ऐकणाऱ्याला सांगड म्हटल्यावर नदी दिसत होती, हे त्यावरून कळते.

या शब्दाचा प्रवास त्याच्याही फार आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, ग्रीक भाषेतला ‘पेरिप्लस’ हा व्यापाऱ्यांचा मार्गदर्शक दक्षिण भारताच्या बंदरांत ‘संगर’ नावाची मोठी जहाजे असल्याचे सांगतो. ती एकेका ओंडक्याच्या होड्या एकत्र बांधून केलेली. फ्रेंच भाषापंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरच्या १९२० च्या ग्रंथात आपली सांगड, पेरिप्लसमधला तो शब्द, तमिळ संगडम् आणि तुळूतला ‘जंगल’ हे सारे शेजारी शेजारी मांडले. तुळूत जंगल म्हणजे जोडहोडी. मल्याळममध्ये तिचे चंगाडम् झाले. तिथून पोर्तुगिजांनी ‘जंगाडा’ उचलला आणि थेट ब्राझीलला नेला. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचे मच्छीमार आजही शिडाच्या जंगाड्यावर समुद्रात जातात. केरळात गाड्या पार करणाऱ्या तराफ्याला जंकार म्हणतात.

आणि आपल्याकडे? दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला गाडीसकट खाडी ओलांडणारा माणूस सहज म्हणतो, ‘जंगलजेटीने गेलो’. सपाट पत्र्याच्या त्या फेरीबोटीत जंगल कुठून आले, हा प्रश्न पर्यटकांना पडतो. मला यात झाडेझुडपे दिसत नाहीत, तुळूतले ‘जंगल’ आणि केरळातला जंकार दिसतो. तसे असेल तर सांगड हा शब्द किनाऱ्याने दक्षिणेला जाऊन, वेश पालटून, रत्नागिरीच्या खाडीत परत आला आहे आणि घरच्यांनी त्याला ओळखलेले नाही. खुद्द ‘होडी’ची तरी कथा काय वेगळी? तिचा संबंध अभ्यासक तमिळ ओडम् आणि तेलुगू-कन्नड ओडाशी लावतात. जमिनीवरच्या भाषांना सीमा असतात. किनाऱ्यावरच्या भाषांना फक्त बंदरे असतात.

पण रत्नागिरीची स्वतःची जोडहोडी कोणती? त्याचे उत्तर उलांडी. एका ओंडक्याच्या किंवा फळ्यांच्या अरुंद होडीला एका बाजूने दोन आडव्या दांड्या काढायच्या. त्यांच्या टोकांना, होडीला समांतर, पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा निमुळता ओंडका बांधायचा. तो ओंडका म्हणजे उलांडी. मद्रासच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी, ब्लॉक यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९२० मध्ये, भारतीय होड्यांच्या घडणीवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावरची ही एका पंखाची होडी त्यांना थेट इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांच्या नौकांची नातेवाईक वाटली. बेटांवरून आलेली कल्पना असो वा नसो, नाव मात्र अस्सल मराठी वळणाचे आहे. उलंडणे म्हणजे कलंडणे, उलटे होणे. होडीने जे करू नये, त्याच्यावरूनच आपल्या लोकांनी ते टाळणाऱ्या ओंडक्याचे नाव ठेवले असावे.

नाव नेमके आहे, कारण सारे गणित तिथेच आहे. एकाच होडीची शिडाची बोट कलू नये म्हणून तिच्या तळाशी शिसे किंवा लोखंड लटकवतात. ती वजनाच्या जोरावर उभी राहते. उलांडीची होडी आणि कॅटामरान रुंदीच्या जोरावर उभ्या राहतात. वजन वाचते, वेग वाढतो आणि उथळ खाडीत पुळणीवर चढवता येते. पण वारा हाताबाहेर गेला आणि एकदा उलंडली, तर शिसे तिला परत सरळ करायला येत नाही. उलटी कॅटामरान उलटीच स्थिर राहते. म्हणून बांधणाऱ्याने शिडे किती घ्यावीत, याचे उत्तर नकाशाइतकेच त्या क्रियापदात आहे.

घरी बांधायच्या कॅटामरानची आधुनिक परंपरा ब्रिटनच्या जेम्स व्हॅरम यांच्याकडे जाते. १९५४ मध्ये त्यांनी ‘टांगारोआ’ ही साडेतेवीस फुटांची कॅटामरान स्वतः बांधली आणि दोन सहकारिणींसह अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठले. तिथेच ‘रोंगो’ ही चाळीस फुटी बोट बांधून १९५९ मध्ये उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला. पुढे आयुष्यभर, २०२१ मध्ये निधन होईपर्यंत, ते हौशी लोकांना नकाशे पुरवत राहिले. त्यांच्या ‘टिकी’ मालिकेतल्या बोटींची रीत अशी: प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेने ते चक्क शिवायचे आणि मग सांध्यांत इपॉक्सी भरून वर काचेच्या कापडाची पट्टी चढवायची. शिवलेली होडी कोकणाला नवी नाही. रापणीच्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाजही काथ्यानेच शिवलेले आहे.

लाकडी गाभ्याची रीत जरा वेगळी. गाभा हा शब्द गर्भावरून आला, गाभारा आणि गाभण त्याच घरातले. हलक्या लाकडाच्या पट्ट्या कडेला कड चिकटवून होडीचा आकार करायचा आणि आतून-बाहेरून काचेचे कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचे. ताण आणि दाब बाहेरच्या दोन थरांनी घ्यायचा. गाभ्याचे काम त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचे. थर जितके दूर, तितका ताठपणा अधिक, आणि वजन मात्र फारसे वाढत नाही. ही रीत आपल्या शेजारीच सिद्ध झाली आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली ‘म्हादेई’ लाकडी गाभ्याची आणि फायबरच्या कवचाची. २००९ मध्ये ती नौदलात आली. २००९–१० मध्ये दिलीप दोंदे यांनी आणि २०१२–१३ मध्ये, कुठेही न थांबता, अभिलाष टॉमी यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती एका होडीची आहे, कॅटामरान नव्हे. पण गाभा तोच.

अनेक कारखानदार गाभ्यासाठी बाल्सा हे लाकूड वापरतात. बाल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये तराफा. ज्या लाकडाचे तराफे करायचे त्यालाच ते नाव पडले. १९४७ मध्ये थोर हायरडालने पॅसिफिकवर नेलेला ‘कॉन-टिकी’ याच लाकडाचा. म्हणजे बाल्साच्या गाभ्याची कॅटामरान हा तराफ्याच्या पोटातला तराफा झाला. रत्नागिरीत बांधणाऱ्याला बहुधा मरीन प्लायच जवळचा वाटेल, कारण तो स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी प्रत्येक सुताराला ठाऊक असतो. मात्र पाटीवर ‘मरीन’ लिहिलेले पुरत नाही. आयएस ७१० चा शिक्का पाहावा लागतो, कारण त्या मानकात नमुना ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत, अशी अट आहे. शिवाय इपॉक्सीला दमट हवा सोसत नाही, म्हणून कोकणात चिकटवण्याचा हंगाम दसऱ्यानंतरचा. आणि गाभ्यात स्क्रू मारायचा तर आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सीने भरायचे, मग त्यात लहान भोक पाडायचे. हे टाळले तर पाणी गाभ्यात शिरते आणि वरून धडधाकट दिसणारी होडी आतून कुजते.

दोन होड्या तयार झाल्या की उरते ती त्यांची गाठ घालणे. इथे व्हॅरम यांनी जे केले ते मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. आडव्या तुळया त्यांनी बोल्टने आवळल्या नाहीत, दोरीच्या वेढ्यांनी बांधल्या. लाट दोन्ही होड्यांना वेगवेगळे उचलते. बोल्टपाशी तो सारा झटका एका भोकावर येतो, दोरीत तो थोडा सैलावून पसरतो. सुंभाचा पीळ जात नाही म्हणून आपण माणसांना नावे ठेवतो. समुद्रावर मात्र नेमका तोच पीळ होडीला तारतो.

या साऱ्या कामात साहित्याची नावे परकी आहेत: प्लाय, इपॉक्सी, फायबर. क्रिया मात्र जुन्याच: सांगाडा उभा करणे, गाभा भरणे, शिवणे, बांधणे, सांगड घालणे. सांगाडाही त्याच संघाटाच्या घरातला, ही जोडी कोशकारांनी लावून ठेवलेली आहे. होडीचा सांगाडा आणि होड्यांची सांगड ही सख्खी भावंडे ठरतात.

म्हणून कॅटामरान हा शब्द हद्दपार करा, असे मी म्हणणार नाही. कारखान्यात एकसंध साच्यातून निघणाऱ्या, इंजिनाच्या दोन पोटांच्या बोटीला तो शोभतो, कारण तिथे कुणी काही बांधलेलेच नसते आणि फक्त दोनची मोजणी उरलेली असते. पण कुणी रत्नागिरीत दोन होड्या आपल्या हाताने घडवून, त्यांच्यात तुळया टाकून, दोरीने आवळून खाडीत उतरवल्या, तर बंदरखात्याच्या अर्जात ‘नौकेचा प्रकार’ या रकान्यात त्याने बेधडक ‘सांगड’ लिहावे. कारकुनाने अर्थ विचारला, तर मोल्सवर्थचा कोश दाखवायला हरकत नाही.