गावात काही खटकलं तर जायचं कुठं? पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि ग्रामसभेचे अधिकार

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण एसटीतून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची ही माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेली, पिंपळनेरजवळ पालं ठोकून राहणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या आठवड्यांत व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होते. बाजारात कुणाला तरी संशय आला, गर्दी जमली, मारहाण सुरू झाली. पाचही जणांना ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत नेलं आणि तिथंच जमावानं त्यांचा जीव घेतला. पोलीस आले, पण जमावापुढे त्यांची संख्या अगदीच तोकडी होती. मुलं पळवणारी टोळी असल्याचं काहीही निघालं नाही.

खून ग्रामपंचायतीच्या खोलीत झाला, ही गोष्ट धुळे-जळगावच्या प्रत्येक गावानं लक्षात ठेवायला हवी. गावात अनोळखी माणूस दिसला, शेतातून केबल चोरीला गेली, गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे, शाळेच्या वाटेवर दारूचा अड्डा आहे, अशा वेळी नेमकं कुणाकडे जायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मग विषय पारावर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर जातो. तिथं निर्णय कोण घेतो आणि जबाबदार कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. कायद्यानं मात्र ही कामं वाटून दिलेली आहेत.

पहिला माणूस : पोलीस पाटील

पूर्वी पाटीलकी घराण्यात चालायची आणि राखणीला गावचा जागल्या असायचा. खान्देशात हे काम बऱ्याच गावांत भिल्ल समाजाकडे होतं. इंग्रजांनी 1825 मध्ये धरणगावला उभी केलेली खान्देश भिल्ल पलटणही त्यातलीच. ज्यांना बंडखोर म्हणून धरायचं, त्यांच्याच हाती बंदोबस्त दिला. वंशपरंपरेची पाटीलकी 1962 च्या कायद्यानं संपली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 नं आजचा पोलीस पाटील आला. तो सरपंचाच्या हाताखाली नसतो. त्याची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, करतात. मार्च 2024 मधल्या निर्णयानं त्याचं मानधन महिना 15 हजार रुपये झालं.

त्याची कामं कायद्यात लिहिलेली आहेत. गावात गुन्हा घडला किंवा घडण्याची चिन्हं दिसली की पोलीस ठाण्याला कळवायचं. गुन्हा आणि सार्वजनिक उपद्रव टाळण्यासाठी हाताशी असलेली माणसं कामाला लावायची. संशयास्पद माणसाची, बेवारस मयताची, साथीच्या आजाराची खबर द्यायची. म्हणजे अनोळखी कुटुंब गावात आलं आणि कुणाला शंका वाटली, तर हे सांगायची जागा पोलीस पाटलाचं घर. तो त्या लोकांना नाव-गाव विचारेल, आधार कार्ड बघेल, ठाण्याला फोन करेल. दहा मिनिटांचं काम आहे. पोलीस पाटील भेटला नाही तर 112 हा क्रमांक आहेच, तो राज्यभर चालतो.

फिरस्त्या समाजांचे लोकही बऱ्याचदा ज्या गावात उतरतात तिथल्या पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला आपण आल्याचं सांगतात. ही जुनी रीत चांगली आहे, पण ती एकट्यानं चालत नाही. पोलीस पाटलानं ऐकलेलं चार चौघांना, बाजारातल्या दुकानदारांना सांगितलं तरच तिचा उपयोग. दवंडी बंद झाल्यापासून हा दुवा तुटला आहे.

पोलीस पाटलाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. जमावापुढे एक माणूस काय करणार? 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं अफवेवरून दोन साधू आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला जमावानं मारलं. तिथल्या महिला सरपंचांनी लोकांना थोपवायचा प्रयत्न केला, तरी जमाव थांबला नाही. उलट राईनपाड्याच्या घटनेनंतर काही तासांतच मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेलं कुटुंब पोलिसांना वाचवता आलं. म्हणून खबर लवकर जाणं महत्त्वाचं. गर्दी दहाची असते तेव्हा फोन झाला पाहिजे, ती पाचशेची झाल्यावर नव्हे.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 ला, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निकाल दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी यासाठी नेमायला सांगितलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 103 (2) आलं. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'मी फक्त गर्दीत उभा होतो' हे म्हणणं दिसतं तेवढं सोपं राहिलेलं नाही.

ग्रामपंचायतीचं काम काय?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 45 ला जोडून एक लांबलचक गावसूची आहे. रस्ते, गटारी, दिवाबत्ती, पाणी, साफसफाई हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच सूचीत गावाचा आणि पिकांचा पहारा, धोकादायक धंद्यांवर नियंत्रण आणि आग लागली तर मदत हेही आहे, हे फारसं कुणी वाचलेलं नसतं. रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात मोटारी आणि केबल चोरीची ओरड कायम असते. तिथं रात्रीच्या गस्तीचा ठराव ग्रामपंचायत घेऊ शकते, पहाऱ्याचा खर्च ज्यांच्या शेताची राखण होते त्यांच्याकडून घेण्याची सोयही कायद्यात आहे. चोरीचा गुन्हा नोंदवणं आणि तपास हे मात्र पोलीस ठाण्याचंच काम. ग्रामपंचायतीत चोराला बसवून 'न्याय' करणं कुठल्याही कलमात बसत नाही.

दिव्यांची तक्रार सगळ्यात जास्त येते. आपण घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर भरतो, तेव्हा खांबावरचा दिवा, बल्ब, त्याची दुरुस्ती ग्रामपंचायतीची. खांब वाकला, तार लोंबतेय, डीपी जळाली, ही महावितरणची बाब. बरेच जण दिवा गेला म्हणून वायरमनच्या मागे लागतात आणि डीपी जळाली म्हणून सरपंचाला शिव्या देतात, दोन्ही उलट. बिलाचा घोळ वेगळाच आहे. 2021 मध्ये पथदिव्यांच्या थकबाकीपायी राज्यातल्या कितीतरी गावांची वीज तोडली गेली, आणि बिल वित्त आयोगाच्या पैशातून भरायचं की कसं यावर सरपंच आणि शासन यांच्यात बरीच ओढाताण झाली.

हा वित्त आयोगाचा पैसा समजून घ्यायला हवा. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. चौकातला कॅमेरा, अंधाऱ्या वळणावरचा दिवा अशी कामं या मोकळ्या भागातली. तो पैसा कुठं गेला, हे कुणीही ग्रामसभेत विचारू शकतो. कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट: बसवताना फोटो निघतात, नंतर चित्रण कुठं साठतं आणि बंद पडलेला कॅमेरा कोण दुरुस्त करणार, हे ठरवायचं राहून जातं. ठरावातच ते लिहून घेतलेलं बरं.

रस्त्यावरचं अतिक्रमण हा भांडणाचा विषय. ओटा पुढं आला, जिना रस्त्यात उतरला, बैलगाडी वळत नाही आणि रुग्णवाहिका तर मुळीच नाही. कलम 53 नं ग्रामपंचायतीला सार्वजनिक रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार दिला आहे. गायरान किंवा सरकारी पड जमीन असेल तर तहसीलदारांकडे जावं लागतं. सदस्यानं स्वतः सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलं असेल तर तो अपात्र ठरू शकतो. कारवाई रेंगाळण्यामागे कधीकधी हेच कारण असतं.

बिबट्या दिसला की मात्र ग्रामपंचायतीच्या हाती फार काही नाही, वनविभागाचा 1926 क्रमांक फिरवायचा. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बिबट्यानं एकापाठोपाठ बळी घेतले आणि डिसेंबरमध्ये वरखेडे शिवारात त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा रात्रीऐवजी दिवसा शेतीला वीज द्या, ही मागणी गावांनी लावून धरली होती. अशा मागणीला ग्रामसभेच्या ठरावाचं बळ लागतं.

दारूचा अड्डा : दोन वेगळे मार्ग

हातभट्टी बेकायदाच आहे. तिची तक्रार पोलीस ठाणं आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, दोन्हीकडे लेखी द्यावी. परवाना असलेलं दुकान बंद करायचं असेल तर 2008 च्या आदेशातली 'उभी बाटली-आडवी बाटली' ही वाट आहे. गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. इथं गोम आहे. हिशेब झालेल्या मतदानाचा नसून यादीतल्या सगळ्या महिलांचा आहे. लग्न होऊन सासरी गेलेल्या, मयत झालेल्या, उसतोडीला किंवा सुरत-नाशिकला कामाला गेलेल्या बायकांची नावं यादीत तशीच राहिली, तर ती सगळी दुकानदाराच्या बाजूनं मोजल्यासारखी होतात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घेणं हे पहिलं काम. मतदानाचा दिवस मजुरीच्या हंगामात येऊ नये, हेही बघावं लागतं.

ग्रामसभा आणि लेखी अर्ज

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्या साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. आधी महिलांची वेगळी सभा होते आणि तिथले विषय मुख्य सभेपुढे येतात. रस्त्यावरचा अंधार, टवाळखोर पोरं, अड्डा हे विषय तिथं मोकळेपणानं निघतात, पण इतिवृत्तात उतरले नाहीत तर पुढं काहीच होत नाही. सभा संपण्याआधी 'आमचा विषय लिहिला का, वाचून दाखवा' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

तोंडी तक्रार ही चहाच्या टपरीवरच्या गप्पेसारखी असते. अर्ज दोन प्रतींत करायचा. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याला द्यायची (2024 पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोन्ही पदांचं हेच नाव झालं आहे), दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. जागा नेमकी लिहायची: कुठली गल्ली, कुठला खांब, कुणाच्या घरासमोर, कधीपासून. फोटो जोडला तर आणखी चांगलं.

ग्रामपंचायतीनं दाद दिली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, त्यापुढे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि जिल्ह्याला जाण्याआधी तालुक्याची पायरी चढावी लागते. घरी बसून करायचं तर 'आपले सरकार' हे संकेतस्थळ आहे. अर्जाचं पुढं काय झालं हे माहिती अधिकारात विचारलं तर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्या वेळी हातात आवक क्रमांक असला की अर्ध काम सोपं होतं.

एक सोय अजून बऱ्याच गावांपर्यंत पोहोचायची आहे. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एका नंबरवर फोन करून बोललं की तोच आवाज एकाच वेळी सगळ्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर वाजतो. चोर शिरले, आग लागली, पूर आला, लहान मूल हरवलं, सगळ्याला उपयोगी. कुठून आला हे न कळणाऱ्या फॉरवर्ड मेसेजपेक्षा यात मोठा फरक आहे: बोलणारा कोण, हे अख्खं गाव ओळखतं.