प्रयोगशाळेचा उंबरठा

पिपरी मेघेला लागून असलेल्या वर्ध्यास १९३४ सालीं गांधीजींनीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. तेलघाणी, हातकागद यांबरोबर ताडगूळ व नीरा यांचाही पुरस्कार तेथें होऊं लागला. नीरेचें पोषणमूल्य किती, हें मात्र रसायनशास्त्रानेंच सांगावयाचें होतें. पुढें ज्या विदुषींनीं मुंबईच्या प्रयोगशाळेंत हें काम हातीं घेतलें, त्यांना एके काळीं प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच अडविण्यांत आलें होतें.

कमला भागवत, म्हणजे पुढील कमलाबाई सोहोनी, यांचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे आरंभींचे विद्यार्थी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. होऊन कमलाबाईंनीं त्याच संस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनीं अर्ज नाकारला. कमलाबाईंनीं बंगलोर गांठलें व जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलें वर्ष कसोटीचें, मार्गदर्शक सांगतील तेव्हां रात्रीबेरात्रीं काम, आणि त्यांच्यामुळें पुरुष विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये! अटी त्यांनीं पाळल्या. अपमान मात्र उतारवयांतही बोलून दाखविला.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व डाळी यांतील प्रथिनांचें पृथक्करण केलें. वर्ष सरलें तेव्हां रामन यांचें समाधान झालें, आणि पुढें इतर स्त्रियांसही संस्थेंत वाट मिळाली. १९३६ सालीं एम्. एस्‌सी. होऊन कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथें बटाट्यावर काम करतांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हें द्रव्य असल्याचें त्यांनीं दाखविलें. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामीं येणारेंच हें द्रव्य. म्हणजे प्राणी व वनस्पती यांच्या श्वसनांतील नातें येथें उघड झालें. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ सालीं त्या पीएच्. डी. होऊन स्वदेशीं परतल्या.

दिल्ली व कुन्नूर येथील कामानंतर, १९४७ सालीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेंत राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचा अभ्यास केला. तींत जीवनसत्त्वें व लोह असून कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, असें आढळलें. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतिपारितोषिक मिळालें, आणि पुढें त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

संशोधनाची पात्रता ठरवितांना कोण आला आहे हें न पाहतां काय जाणतो हें पाहावें, हा न्याय विज्ञानाच्या घरींही एका तरुणीला झगडून मिळवावा लागला. तो तिला नाकारला गेला असता, तर दुर्बळ मुलांच्या पेल्यांतील नीरेची कसोटीही कदाचित् तशीच राहून गेली असती.