पाट्याची कुरकुर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या गाडीचं.

गेला महिनाभर गाडी गतिरोधकावरून गेली की पुढच्या डाव्या चाकातून 'कर्र' असा आवाज यायचा आणि जागेवर स्टीअरिंग वळवलं की 'टण्ण'. चिरंजीव म्हणाले, "बाबा, काचा वर करा आणि गाणी लावा. ऐकू येणार नाही." उपाय नामी होता, पण मला काही चैन पडेना. त्याचं कारण पुढे सांगतो.

शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. स्प्रिंग शाबूत होती, पण तिच्या टोकाखालचं रबर फाटून लोखंड लोखंडावर घासत होतं. वरच्या बैठकीतलं बेअरिंगही गंजलं होतं. त्यामुळे चाक वळताना स्प्रिंग पिळली जायची आणि मग झटक्यात सुटायची. तोच तो 'टण्ण'. त्याने दोन्ही बाजूंची रबरं आणि बेअरिंगं बदलली. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी सारखी चालत नाही म्हणे. दाबलेली स्प्रिंग शिकंज्यात नीट धरल्याशिवाय वरचं नट खोलायचं नाही, नाहीतर ती गोळीसारखी उडते, हेही त्याने बजावलं. असो.

आवाज गेला, पण मला मात्र जुने पाटे आठवले.

नव्या पोरांसाठी सांगतो. ट्रकला, एसटीला गोल स्प्रिंग नसायची, पाटे असायचे. पोलादाच्या कमानीसारख्या वाकवलेल्या पट्ट्या, सगळ्यात लांब वर आणि खाली उतरत्या भाजणीने आखूड, मधोमध बोल्टने आवळलेल्या. लांब पट्टीला दोन्ही टोकांना डोळे, त्यांत बुश आणि पिन. खड्डा आला की कमान सपाट होते, म्हणजे लांबते. त्यासाठी एक टोक झुलतं ठेवलेलं असतं. 1678 साली, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकानंतर चारच वर्षांनी, इंग्लंडात रॉबर्ट हुकने नियम मांडला की जेवढा भार तेवढा ताण. पाट्याचं सगळं गणित त्याच्यावरच चालतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती नगर-पुणे रस्त्यावर. (2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण माझ्या जिभेवर अजून नगरच येतं, क्षमस्व.) गाडी बेडफर्ड कंपनीची. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. सुपे, शिरूर, शिक्रापूर, वाघोली असा साधारण 120 किलोमीटरचा रस्ता. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या, आणि त्याही आधी बैलगाडी. बैलगाडीला पाटेच नसतात. दगड चाकाखाली आला की तो थेट माणसाच्या मणक्यात जातो. टांग्याला पाटे असत, म्हणून टांग्यात बसणं ही चैन वाटे.

सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्ड, शेव्हर्ले, स्टुडिबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा मिळून दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. आपण वाचतो आणि पुढे जातो. पण फिटरच्या जागी उभं राहून बघा. दहा कंपन्या म्हणजे पाट्यांची लांबी वेगळी, बाक वेगळा, बुश वेगळा. एकीचा पाटा दुसरीला बसायचा नाही. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मोठ्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या.

माझे एक मामा नगरच्या एका गॅरेजात पाट्यांचं काम करायचे. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. पाटा बसला, म्हणजे त्याचा बाक गेला, की तो उतरवून ऐरणीवर घणाने पुन्हा बाक द्यायचा. पट्ट्यांच्या मधला गंज काढून ग्रॅफाइटचं ग्रीस लावायचं. सगळा संच आवळणारे यू बोल्ट जुने वापरायचे नाहीत, आणि नवे बसवले तरी गाडी थोडी पळवून आणून परत आवळायचे. ते ढिले राहिले की पट्ट्या सरकतात आणि मधल्या बोल्टच्या भोकापाशी पाटा तुटतो. मामा गाडी बघायच्या आधी ऐकायचे. कोरडी कुरकुर आली तर पट्ट्या सुकल्या. 'खट्' आला तर पिन आणि बुश झिजले. 'धप्प' आला तर पाटा बसला. मी एकदा विचारलं, भरपूर ग्रीस घालून आवाज कायमचाच का नाही घालवत? तर म्हणाले, "अरे, पट्ट्या एकमेकींवर घासतात म्हणून गाडी लवकर ठरते. फार गुळगुळीत केल्या तर ती झोके खात राहील." थोडी कुरकुर कामाचीच असते, आणि कामाची कुठली न् धोक्याची कुठली, हे ओळखणं हीच त्यांची विद्या होती.

आता ते कारण. 1972 चा दुष्काळ. मी नुकताच बी.ए. होऊन नोकरीला लागलो होतो. दादा, म्हणजे माझे वडील, विहिरीच्या कामावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. धान्य घेऊन नगरला निघालेला एक ट्रक मिळाला. पोत्यांवर गोधडी टाकून दादांना निजवलं. करंजी घाटात मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला कलली. मुख्य पाटा तुटला होता. ड्रायव्हर खाली उतरून कपाळाला हात लावून म्हणाला, "दोन दिवस वाजत होता, मालक म्हणाले एक खेप मार." त्याने ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये लाकडी ठोकळा ठोकला, साखळीने बांधला आणि गाडी हळूहळू काढली. पुढचे पंचवीस-तीस किलोमीटर त्या बाजूला पाटा असा नव्हताच. प्रत्येक दगड दादांच्या मांडीत जात होता. त्यांनी उपरण्याचा बोळा दातांत धरला होता. ओरडले नाहीत. मी त्यांचा हात धरून बसलो होतो आणि पाटा म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. रस्त्याचा मार माणसाऐवजी तो खात असतो.

दादा बरे झाले, पण शेवटपर्यंत लंगडत चालले. त्या प्रवासामुळे की मुळातच, हे कोणी सांगू शकलं नाही.

म्हणून मला काचा वर करून गाणी लावणं जमत नाही.

मामांच्या गॅरेजात तुटलेले पाटे टाकून देत नसत. घिसाडी येऊन घेऊन जायचे. पाट्याचं पोलाद चिवट, त्याची धार टिकते. त्याचे विळे, कुऱ्हाडी आणि ऊसतोडीचे कोयते होत. 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने आले. उसाच्या ओझ्याने मोडलेला पाटा कोयता होऊन पुन्हा उसातच जायचा!

1 जून 2022 रोजी पुणे-नगर याच रस्त्यावर एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' धावली. हल्लीच्या आरामगाड्यांत पाट्यांऐवजी हवेच्या फुगीर उशा असतात. कुरकुर नाही, खटखट नाही. आनंदच आहे. पण हवेच्या उशीचंही रबर कधीतरी चिरणारच, आणि ते वेळेवर बघणारा माणूस लागणारच. पहिल्या गाडीच्या चालक-वाहकांची नावं आपण आदराने घेतो, आणि घ्यावीतच. पण आदल्या रात्री तिच्याखाली शिरून ज्याने पाटे तपासले असतील, त्याचं नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

तर मंडळी, एक विनंती. महिन्यातून एकदा काचा खाली करून, गाणी बंद करून गाडीची एक चक्कर मारा. ती काय म्हणतेय ते ऐका. आणि आपल्या घराण्यात कोणी फिटर, लोहार, ड्रायव्हर होऊन गेले असतील तर त्यांच्या आठवणी नावानिशी लिहून ठेवा.