घोरण्यातली मधली सुट्टी

आपण घोरतो हे कुठल्याही माणसाला पटत नाही. मी तर तीस वर्षं शपथेवर नाकारत होतो. माझ्याविरुद्ध साक्ष देणारे सगळे घरचेच, आणि घरच्यांची साक्ष कोर्टसुद्धा जरा पारखूनच घेतं. पण भाच्याच्या लग्नात जानवसघराच्या हॉलमध्ये आम्ही नऊजण झोपलो, आणि सकाळी उठून पाहतो तो हॉलमध्ये मी एकटा. उरलेल्या आठ गाद्या व्हरांड्यात! व्याह्यांची साक्ष नाकारायची कशी?

मग उपाय सुरू झाले. आत्याने नाकात तूप सोडायला सांगितलं. नाना म्हणाले उशी काढ, नानी म्हणाल्या दोन घे. हिने बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, श्वासाची वाट अरुंद होते आणि टाळूचा मऊ पडदा फडफडतो. चेंडू टोचला की माणूस मुकाट्याने कुशीवर वळतो. मी चेंडूवरही घोरलो.

शेवटी, आपल्यासारखे पूर्वी कोण होऊन गेले ते तरी पाहावं म्हणून वाचायला बसलो. पहिलाच भेटला तो हेराक्लिआचा राजा दायोनिसियस, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. इतका लठ्ठ, की झोपला की उठेचना. वैद्य म्हणे त्याला लांब सुया टोचून जागं करीत. रानटी वाटतं खरं, पण त्या वैद्यांना निदान झोपणाऱ्याची काळजी होती. पुढची दोन हजार वर्षं जगाला काळजी ऐकणाऱ्याचीच. पट्टे, हनुवटीच्या दोऱ्या, पेटंटांचे ढीग. सगळा खटाटोप आवाज बंद करायचा. डिकन्सने १८३६-३७मध्ये 'पिकविक पेपर्स'मध्ये उभ्या-उभ्या झोपणारा जाडा जो रंगवला, तोही हसण्यासाठीच. पुढे १९५६मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्याच्यावरून एका आजाराला 'पिकविकियन' नाव दिलं, तेव्हा कुठे हसू जरा ओसरलं.

खरी गोम कळली १९६५मध्ये. फ्रान्समधल्या मार्सेय आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या डॉक्टरांनी झोपलेल्या रोग्यांचा श्वास रात्रभर नोंदवला, तर तो मधेच बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद. म्हणजे काळजी करायची ती आवाजाची नव्हे, मधल्या शांततेची. उपाय सापडला, पण तो श्वासनलिकेला भोक पाडण्याचा. ते नको म्हणणाऱ्या एका रोग्यासाठी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८०मध्ये व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा उलटा जोडला आणि नाकातून हवेचा दाब दिला. घसा उघडा राहिला, माणूस शांत झोपला. १९८१मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

हे सगळं मी हिला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवत होतो. ही मटार सोलत होती. हात थांबले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही घोरताना मला छान झोप लागते. थांबलात की जाग येते. मग मी आकडे मोजते. परवा बावीसपर्यंत मोजले."

"उठवलं का नाहीस?"

"पंचवीसला उठवणार होते."

दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे डॉक्टरांकडे गेलो. अंगभर वायरी लावून त्यांनी मला एक रात्र झोपवलं, आणि सकाळी यंत्र लिहून दिलं. (२००६मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पंचवीसजणांवर प्रयोग झाला, त्यात डिजरीडू नावाचं ऑस्ट्रेलियन वाद्य चार महिने फुंकल्याने घशाला फायदा दिसला. पण त्या वाद्याचा आवाज ऐकून ही म्हणाली, "मग आजार काय वाईट होता?")

आता मी नाकाला सोंड लावून झोपतो. पहिल्या रात्री घर इतकं शांत झालं की मलाच दोन वाजता जाग आली. शेजारून बारीकसा आवाज येत होता. ही घोरत होती! सकाळी सांगावं म्हणून मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात आवाज थांबला.

मी उठून बसलो. एक, दोन, तीन... नऊवर ती कुशीवर वळली.

अजून मी तिला सांगितलेलं नाही. चेंडू मात्र कपाटातून शोधून ठेवला आहे.