अष्टूरचा वली आणि अल्लमप्रभू

बीदर शहराच्या पूर्वेस कोसभर अंतरावर अष्टूर हे लहानसे गाव आहे. गावाबाहेर शेतांच्या मध्ये बहामनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे आहेत. त्यांपैकी एकाच कबरीला पिढ्यान्‌पिढ्या दोन नावांनी हाक मारली जाते.

ही कबर अहमदशहा वलीची. इ. स. १४२२ ते १४३६ या काळात त्याने राज्य केले आणि राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. अवर्षणाने रयत हवालदिल झाली असता सुलतान स्वतः प्रार्थनेस बसला आणि पाऊस कोसळला, तेव्हापासून तो ‘वली’ झाला, असे सांगतात. किरमाणच्या शाह निमतुल्ला या सूफी सत्पुरुषावर त्याची श्रद्धा होती. घुमटाच्या आतील भिंतींवर सोनेरी आणि शेंदरी रंगांत सूफी गुरुपरंपरा लिहिलेली आहे.

लिंगायत भाविकांच्या लेखी मात्र येथे अल्लमप्रभू आहे. अल्लमप्रभू बाराव्या शतकातले, कल्याणच्या अनुभवमंटपाचे अध्यक्ष. दोघांमध्ये सुमारे तीन शतकांचे अंतर! कालगणनेचा हा आक्षेप बिनतोड आहे, पण तेवढ्याने ही श्रद्धा निकालात निघत नाही. कारण येथील उरूस हिजरी तिथीने भरत नाही. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे त्यातील तिथी सर्व ऋतूंतून फिरते. अष्टूरचा उरूस होळीनंतर विसाव्या दिवशी, म्हणजे पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत येतो. कबरीच्या उत्सवावर शेतकऱ्याच्या पंचांगाची सत्ता चालावी, यातच तो कोणाचा होता हे दिसते. शिलालेख दरबाराने लिहविले, तिथी लोकांनी ठरविली, असा तर्क करण्यास हरकत नाही.

उरुसाचा मानही जंगमाचा. कलबुर्गी (२०१४ पूर्वीचा गुलबर्गा) जिल्ह्यातील माडियाळचा जंगम शिष्यपरिवारासह पायी येतो, शंख फुंकले जातात, कबरीवर फुले वाहून नारळ फोडले जातात. गुलाम याझदानी यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बीदरवरील ग्रंथात या प्रथेची नोंद केली आहे.

लोकस्मृती सर्वच सुलतानांवर सारखी प्रसन्न नाही. जवळच अहमदशहाचा नातू हुमायूनशहा (१४५८–६१) याचा घुमट वीज पडून दुभंगलेला आहे. इतिहासाने त्याला ‘जालीम’ म्हटले; वीज मुद्दाम त्याच्याच घुमटावर पडली, असे लोक म्हणतात.