भट्टी, पत्रा आणि परतीची हवा

उत्तर अमेरिकेत तळघरातल्या भट्टीची ऊब नळांतून खोल्याखोल्यांत नेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. तेव्हा भट्टी कोळशाची असे आणि हवा ढकलायला पंखा नसे. गरम हवा हलकी होऊन आपसूक वर चढे, गार हवा जमिनीतल्या जाळ्यांतून खाली उतरे. त्यासाठी भट्टी तळघराच्या मधोमध ठेवून तिच्या माथ्यावरून जाडजूड गोल नळ तिरके वर न्यावे लागत. या अवाढव्य रचनेला पुढे ‘ऑक्टोपस’ हे नाव पडले.

ओतीव लोखंडाच्या भट्ट्यांचे सांधे तापून वाकत आणि फटींतून धूर घरात शिरे. आयोवातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनॉक्स यांनी 1895 मध्ये रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी बनवायला घेतली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. न्यू जर्सीच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला डिसेंबर 1919 मध्ये गॅसवर चालणाऱ्या घरगुती भट्टीचे पेटंट मिळाले. त्यात अनेक बर्नर होते आणि त्यांची ऊब वेगवेगळ्या खोल्यांत नेणारे नळ होते. ही भट्टी जशीच्या तशी बाजारात आली नाही, पण पुढच्या वाटचालीची दिशा तिच्यात स्पष्ट दिसते.

1930च्या दशकात भट्टीला विजेचा पंखा जोडला जाऊ लागला. नळ बारीक झाले, चौकोनी झाले, छतालगत आडवे धावू लागले. भट्टी कोपऱ्यात सरकली. एक मोठा बदल मात्र सहजासहजी कोणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. पूर्वी नळाला फट असली तर थोडी ऊब वाया जाई. आता परतीच्या नळात पंख्याची ओढ आली आणि तिथली फट भट्टीभोवतीची हवा आत खेचू लागली. भट्टी लहानशा बंद खोलीत असेल, तर ही ओढ धुराड्यातला प्रवाहच उलटा फिरवते. वर जायचा धूर खाली येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या खोल्यांत पोहोचतो.

टेक्सासमधील न्यू लंडन येथे 18 मार्च 1937 रोजी गॅसगळतीने शाळा उद्ध्वस्त झाली आणि सुमारे 300 विद्यार्थी-शिक्षक दगावले. त्यानंतर नैसर्गिक वायूत वास मिसळणे सक्तीचे होत गेले. पण तो वास न जळलेल्या गॅसचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीच, त्यामुळे नळाच्या कामातली चूक नाकाला कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलासाठी टाकलेल्या ‘बिग इंच’ आणि ‘लिटल बिग इंच’ या वाहिन्या 1947 मध्ये गॅसकडे वळल्या आणि टेक्सासचा वायू पूर्व किनाऱ्याकडे वाहू लागला. कोळसा गेला, जुने नळ बऱ्याच घरांत तसेच राहिले. अनेकांवर ॲस्बेस्टॉसचा कागद गुंडाळलेला होता. तो हलवताना आजही तज्ज्ञ बोलवावे लागतात. नव्या कामातही कसब आणि काटकसर शेजारी शेजारी नांदत होती. जस्तलेपित पत्र्याच्या दोन तुकड्यांच्या कडा दुमडायच्या आणि त्यांवर पट्टी सरकवून हातोडीने ठोकत बसवायची, हा सांधा मजबूत असतो, पण हवाबंद नसतो. परतीच्या वाटेसाठी तर पुष्कळदा नळच बनवत नसत. जमिनीखालच्या दोन लाकडी तुळयांना खालून पत्रा ठोकला की काम झाले, आणि फटी उरायच्या त्या उरायच्याच.

1973च्या तेलटंचाईनंतर घरांच्या भेगा बुजवल्या गेल्या. ऊब वाचली, पण धुराड्याला लागणारी बाहेरची हवाही तुटली. सांध्यांवर सर्रास लावली जाणारी कापडी चिकटपट्टी कुचकामी असल्याचे लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या 1998च्या चाचण्यांत दिसले. उष्णतेने तिचा डिंक सुटत होता. ब्रशने थापायचा मॅस्टिकचा लेप आणि मोठ्या फटींवर काचतंतूंची जाळी हा त्याहून भरवशाचा उपाय ठरला.

आजच्या नियमांत हा सगळा अनुभव उतरला आहे. परतीचा नळ भट्टीच्या पेटीला घट्ट जोडलेला हवा आणि त्याचे तोंड भट्टीच्या खोलीबाहेर हवे. अपवाद म्हणून जाळी भट्टीच्याच खोलीत असेल, तर ती भट्टीच्या ज्वलनकक्षापासून निदान 10 फूट दूर ठेवावी लागते. 1980च्या दशकापासून बाहेरची हवा स्वतंत्र पाइपने घेणाऱ्या बंदिस्त भट्ट्याही आल्या. जिथे जुन्या पद्धतीचे धुराडे आहे, तिथे मात्र काम संपल्यावर दारे-खिडक्या लावून स्वयंपाकघराचा, न्हाणीघराचा आणि भट्टीचा पंखा एकदम सुरू करतात आणि धुराड्याच्या तोंडाशी थोडा धूर सोडून तो वर ओढला जातो का, हे पाहतात.