मोमिनाबाद कुठं गेलं?

अंबाजोगाई म्हटलं की योगेश्वरी आठवते, मुकुंदराज आठवतात. मोमिनाबाद म्हटलं तर इथला तरुणही विचारतो, हे कुठलं गाव? गाव हेच. निजामाच्या कागदोपत्री ते मोमिनाबाद होतं.

जयंती नदी तशी छोटी. तिच्या काठचं आंबे मात्र फार जुनं. यादवराजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला आणि भावाच्या आठवणीसाठी बहीण लक्ष्मीनं 1240 मध्ये देऊळ बांधून शिलालेख कोरवला. या गावातला मला सर्वांत जिवंत वाटणारा दस्तऐवज तोच. मुकुंदराजांची समाधी इथं आहे. आंभोऱ्याचे लोक वेगळं सांगतात, तो वाद विद्वानांनी सांभाळावा. दासोपंतांनी तर कागद सोडून सुमारे 40 फूट लांब पासोडीवर ओव्या लिहिल्या.

मोमिनाबाद ही नंतरची, छावणीची वस्ती. हैदराबाद कॉन्टिन्जंटचं घोडदळ इथं असे. 1903 मध्ये कॉन्टिन्जंट ब्रिटिश फौजेत विलीन झाली, छावणीचं महत्त्व ओसरलं, नाव राहिलं. आणि याच मोमिनाबादेत 1935 च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून आले, योगेश्वरीच्या शाळेत शिकवू लागले. निजामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व पुढं त्यांच्याकडं गेलं. मग मोमिनाबाद फक्त निजामाचं कसं म्हणायचं?

आयर्लंडमध्ये फॉइल नदीकाठी एक शहर आहे. कुणी त्याला डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी. तोंडातून कोणतं नाव निघालं यावरून माणसाची बाजू ओळखतात. आपल्याकडं एक नाव पुसलं गेलं, त्यामुळं बाजू विचारायची वेळ येत नाही. पण त्या नावाबरोबर काय पुसलं गेलं, हेही कुणी विचारत नाही.

रझाकारांचे अत्याचार खरे होते, ते लपवण्यात अर्थ नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं, हेही आनंदाचंच. पण त्यानंतर काय घडलं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं होतं. त्यांच्या अहवालानुसार सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला बसली. त्यानंतरच्या जिल्ह्यांत आपलं बीड होतं. मारले गेलेले बहुतेक साधे मुसलमान होते, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. आमच्या पिढीला तो शाळेत कुणी शिकवला नाही. घरातही वडीलधारे ‘पोलीस ॲक्शन’ एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, तेव्हा निजामकाळचे दप्तर पुन्हा उघडले. ते उर्दूत आणि मोडीत. आपल्या पणजोबाची जात कोणती लिहिलीय हे जाणून घ्यायला मराठा कुटुंबांना उर्दू वाचणारा माणूस लागत होता. अंबाजोगाईचा जुना कागद निघाला, तर त्यावर गावाचं नाव मोमिनाबादच असणार.